माशी मारू नका, माशीचा कारखाना बंद पाडा



जिल्हा मेळाव्यासाठी छापलेल्या पत्रकात कापसाचा भाव, वीजबिल आणि कर्ज सोडून घरातल्या माश्यांवर पाने खर्च केली तर आपलेच काही कार्यकर्ते नाक मुरडतील. 'भाव मिळाला की बाकी सगळे आपोआप होईल, माश्यांचा विषय आरोग्य खात्याने बघावा,' असे ते म्हणतील. या मंडळींशीच आधी भांडायचे आहे. कारण हा विषय क्षुल्लक आहे असे फक्त ज्याला दवाखान्याचे बिल भरावे लागत नाही तोच म्हणू शकतो.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात माश्या कधी येतात ते बघा. मृगाचा पाऊस पडला, सरकी टोबली, ज्वारी पेरली, गाठीला होते नव्हते ते बियाण्यात आणि खतात गेले. पुढचा पैसा दिसायचा तो दिवाळीच्या सुमारास, पहिला वेचा झाल्यावर. याच मधल्या चार महिन्यांत, डवरणी आणि निंदण ऐन भरात असताना, घरात माश्यांचे मोहोळ उठते. ताटावर माशी, पाळण्यातल्या लेकराच्या डोळ्यांवर माशी, दुधाच्या गंजावर माशी. आठ-दहा दिवसांत घरातले धाकटे पोर जुलाबाने गळून पडते. माय निंदण सोडून त्याला घेऊन तालुक्याला जाते, दोन सलाईन लागतात आणि सावकाराच्या वहीत आणखी एक ओळ वाढते. बँकेचे पीककर्ज पोराच्या आजाराला मिळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग शेतीचा हिशेब मांडताना हा खर्च कुठे धरायचा? उत्पादनखर्च काढणाऱ्या कोणत्याही तक्त्यात त्याला रकाना नाही. तरीही तो आपल्याच घामातून जातो.

माशी आणि हगवण यांचा संबंध ही काही आजीबाईची समजूत नव्हे. पाकिस्तानातल्या खेड्यांत माश्या कमी करून पाहिल्या, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांची हगवण सुमारे 23 टक्क्यांनी उतरली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1999 साली ते प्रसिद्ध झाले. गुरे, शेण, मातीची घरे, उघडे नाले, सगळे आपल्यासारखेच. आता सांगा, हा विषय शेतकऱ्याचा नाही काय?

एकाएकी येतात, पण आकाशातून पडत नाहीत

'काल नव्हत्या, आज एकदम घर भरले,' असे घरोघरी ऐकू येते. कुणी आभाळाला दोष देतो, कुणी शेजाऱ्याच्या म्हशीला. खरा हिशेब साधा आहे. घरमाशी ओल्या शेणात, सडत्या कचऱ्यात, उघड्या विष्ठेत अंडी घालते. एका खेपेला शंभर-सव्वाशे अंडी आणि आयुष्यात अशा चार-पाच खेपा. उन्हाळी-पावसाळी उबेत अंडे एका दिवसात फुटते. अळी चार-पाच दिवस शेणात खाऊन फुगते, मग उकिरड्याच्या कडेच्या कोरड्या मातीत सरकून कोष करते. तिथून चार-पाच दिवसांत पंख फुटलेली माशी बाहेर. अंड्यापासून माशीपर्यंत अवघे सात ते दहा दिवस.

आता एका मादीचा संसार मोजा. तिच्या 500 अंड्यांपैकी दहात एकच जगले असे धरा. झाल्या 50 माश्या, त्यात 25 माद्या. त्यांच्या पुढच्या पिढीत 1,250. त्याच्या पुढच्या पिढीत 31,250. एका पिढीला पंधरवडा धरला तर मृगात एक असलेली माशी जुलैच्या शेवटी तीस हजारांवर जाते. सावकाराचे चक्रवाढ व्याजसुद्धा या वेगाने चढत नाही.

उन्हाळ्यात हा कारखाना बंद असतो, कारण उकिरडा वाळून कोळ झालेला असतो आणि अळीला ओल लागते. पहिल्या पावसाने वर्षभराचे शेण, कुटार आणि राख भिजते, आतून गरम होते आणि कारखान्याला वीज मिळते. म्हणून माश्या पावसाबरोबर येत नाहीत, पावसानंतर आठ-दहा दिवसांनी येतात. त्याच सुमारास गावाच्या कडेला कोंबडीखताचे ट्रक रिकामे झालेले असतील तर विचारूच नका. ओले कोंबडीखत म्हणजे माशीला पुरणपोळीचे जेवण.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. बंद खोलीत एकाएकी मोठ्या, हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माश्या खिडकीशी जमल्या तर त्या उकिरड्याच्या नव्हेत. माळ्यावर, कणगीमागे किंवा कापसाच्या ढिगाखाली उंदीर मरून पडलेला असतो. तो शोधून पुरला की चार-सहा दिवसांत त्या जातात. आणि पिकलेल्या केळ्यावर, कांद्यावर घोंगावणारी बारीक चिलटे हा तिसराच प्रकार. सडका कांदा निवडून फेकला की ती संपतात. रोग ओळखल्याशिवाय औषध करू नये, हे आपण पिकाच्या बाबतीत जाणतो. घरालाही तोच नियम.

दुकानातली बाटली घरात आणू नका

माश्या वाढल्या की पहिला हात कुठे जातो? कपाशीवर फवारून उरलेल्या बाटलीकडे. वाटीत गूळपाणी, त्यात टोपणभर औषध, आणि वाटी चुलीशेजारी. नाही तर पाठीवरचा पंपच भिंतीवर आणि दारावर मारायचा. माश्यांचा सडा पडतो, माणूस खूश होतो. पण त्या घरात रांगणारे मूल आहे, कोंबड्या आहेत, वाटी चाटणारे वासरू आहे, हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात राहत नाही.

या विषाची ताकद काय आहे ते बिहारला विचारा. जुलै 2013 मध्ये सारण जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेचे दुपारचे जेवण खाऊन 23 मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात गेले. मोकळ्या रानात, वारा वाहत असताना ज्या विषाने धट्टीकट्टी माणसे आडवी केली, ते विष बंद घरात चुलीजवळ ओतायचे आणि म्हणायचे की माशी मारली!

डबी-बाटलीवरचा त्रिकोण आधी बघा. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे काहीही घराच्या उंबऱ्याच्या आत नको, कोनाड्यात नको, धान्याच्या कोठीत नको. रिकामी बाटली तेलाला नाही, रॉकेलला नाही, पाण्याला तर नाहीच. कुणाच्या अंगावर किंवा पोटात गेलेच, घाम-लाळ सुटली, डोळ्याच्या बाहुल्या बारीक झाल्या, उलट्या झाल्या, अंग फडफडू लागले, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा. मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नका. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा, म्हणजे काय पोटात गेले ते डॉक्टरला कळेल.

दुकानदार सांगेल, 'जुने औषध बंद झाले, हे नवे घ्या.' जुनी का बंद झाली ते तो सांगणार नाही. पूर्वी उकिरड्यावर बी.एच.सी.ची पावडर फेकायचे. 1997 साली तिच्यावर बंदी आली. मग गोठ्यात डायक्लोरव्हॉस मारायचे. 2018 च्या हुकुमाने 2020 च्या अखेरीस तेही बंद झाले. मिथोमिल आणि मोनोक्रोटोफॉसचे 36 टक्क्यांचे द्रावण यांचा क्रमांक 2023 सालच्या हुकुमाने लागला. प्रत्येक वेळी आधी आपल्या घरात वापरून झाले आणि मग सरकारला साक्षात्कार झाला. प्रयोगशाळेतल्या उंदराला निदान पिंजरा आणि धान्य फुकट मिळते. आपण मात्र पैसे मोजून उंदीर होतो.

आणि एवढे करून माशी संपली काय? दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर डी.डी.टी. मारली गेली. 1946-47 सालातच स्वीडन आणि इटलीत डी.डी.टी.ला न जुमानणाऱ्या घरमाश्या निघाल्या. शिवाय शेणात माशीच्या अळ्या खाणारे भुंगे असतात, कोष पोखरणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात. विष मारले की तेही मरतात. त्यांची वाढ सावकाश, माशीची झपाट्याने. पंधरा दिवसांत माशी पहिल्यापेक्षा जास्त आणि तिचा वैरी गायब.

कुणी म्हणेल, संघटना नव्या तंत्राच्या विरोधात गेली काय? मुळीच नाही. शेतकऱ्याला जगातले कोणतेही तंत्र वापरण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे, यावर आपण ठाम आहोत. पाकिस्तानातल्या त्या खेड्यांतही फवारणीच केली होती. पण ती ठरवून, मोजून, देखरेखीखाली केलेली होती. कपाशीची उरलेली बाटली स्वयंपाकघरात ओतणे याला तंत्र म्हणत नाहीत. स्वातंत्र्य म्हणजे डोळे उघडे ठेवून निवड करणे.

साहेबांचा झाडू

दुसरीकडून येतात उपदेशक. वर्षातून एक दिवस जीप गावात येते, साहेब नवाकोरा झाडू हातात धरतात, फोटो निघतो, आणि मग भाषण. 'तुम्ही खेड्यातली माणसे अस्वच्छ, उकिरडा दाराशी ठेवता, म्हणून माश्या होतात.' गाडगेबाबांनीही गावोगाव झाडू फिरवला, पण बाबा आधी गाव झाडत आणि मग बोलत. साहेब बोलतात आणि गाव तसेच राहते.

उकिरडा दाराशी का आहे, हे साहेबांनी कधी विचारले काय? बैलजोडी ही आपली सगळ्यात मोठी पुंजी. ती डोळ्याआड बांधली तर चोरी होते, म्हणून गोठा घराला लागून. गोठा घराला लागून, म्हणून शेण घराला लागून. डोक्यावर टोपले घेऊन शेण टाकायचे ते काम बाईचे. तिला रोज अर्धा मैल पाठवायचे काय? आणि पाठवायचे तर जागा कुठे? गावठाणाची हद्द आजोबांच्या काळची, घरे तिप्पट झाली. भावाभावांच्या वाटण्यांत अंगण गेले, परसू गेला, राहिली गल्ली आणि गटार. गटाराला उतार नाही, कारण ठेकेदाराला उतार परवडत नाही. शहरातला साहेब त्याचा कचरा पिशवीत भरून दाराबाहेर ठेवतो, नगरपालिकेची गाडी तो उचलते आणि शहराच्या बाहेर, बहुधा कुठल्या तरी खेड्याच्या शिवारात नेऊन ओतते. त्याची स्वच्छता आपल्या नाकासमोर सडते. मग स्वच्छतेचे धडे कुणी कुणाला द्यायचे?

हे सगळे खरे आहे. पण इथेच थांबलो तर आपणही साहेबांसारखे भाषणबाजच ठरू. गावठाण वाढेल तेव्हा वाढेल, माशी दहा दिवसांत वाढते. जे आपल्या हातात आहे ते करायला कुणाची परवानगी लागत नाही.

बोंडअळीने आणि खोडमाशीने दिलेला धडा

ज्वारी करणाऱ्या माणसाला माशी शिकवायची गरज नाही. खोडमाशी त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. पोंगा सुकून गेल्यावर औषध मारून उपयोग नसतो हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो पाऊस लागताच पेरतो, बियाणे थोडे जास्त टाकतो, माशीचा जोर वाढायच्या आत रोप मोठे करून घेतो. माशीला तो विषाने हरवत नाही, वेळेने हरवतो.

कपाशीचेही तेच. 2017 साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरून टाकली तेव्हा फवारणीवर फवारणी करूनही हाती काय आले? शेवटी सगळ्यांना मान्य करावे लागले की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटून शिवाराबाहेर काढा, अळीला वर्षभर खायला ठेवू नका. अळीची साखळी तोडणे हाच उपाय.

घरमाशीची फरदड म्हणजे उकिरडा. साखळी आठ दिवसांची आहे. कोणतेही ओले शेण, कोणताही सडका कचरा पाच दिवसांपेक्षा जास्त उघडा राहता कामा नये. एवढा एक नियम पाळला तर अळीचा कोष होण्याआधीच ती वाळते, भाजते किंवा गाडली जाते. घरात हजार माश्या मारण्यापेक्षा एक घमेले ओले शेण वेळेवर झाकणे जास्त मोलाचे आहे.

कारखाना बंद कसा पाडायचा

पहिले, गोठा. मूत मुरलेला ओला गाळा हे अळीचे आवडते घर. गव्हाणीखालचे खरकटे कडब्याचे चिपाड आणि ओली माती आठवड्यातून दोनदा खरवडा. मूत वाहून जाईल असा चर काढा आणि खड्ड्यात न्या. गाळा कोरडा राहावा म्हणून कोरडी माती पसरा. तीच माती मूत शोषून पुढे खत होते.

दुसरे, शेण. गोवऱ्या थापायच्या असतील तर पातळ थापा आणि उन्हात लवकर वाळू द्या. ढीग घालून 'उद्या थापू' म्हटले की आज अंडी पडली. पावसाळ्यात गोवऱ्या वाळत नाहीत, तेव्हा शेण सरळ खड्ड्यात घाला.

तिसरे, खड्डा. उघडा ढीग मोडा. ढिगाच्या पोटात एवढी उष्णता असते की अळी तिथे जगत नाही. ती जगते ढिगाच्या सालीत आणि कडेला. म्हणून शेण खड्ड्यात दाबून भरा, प्रत्येक थरावर वीतभर नाही पण चार बोटे माती घाला, ती दाबा आणि भरलेला भाग शेणामातीने लिंपून घ्या. ज्याला जमेल त्याने काळा प्लास्टिक कागद ओढून कडा मातीने दाबाव्यात. कडेची दोन-तीन हात जागा साफ आणि कोरडी ठेवा, कारण कोष तिथेच होतात. त्या जागेत कोंबड्या सोडा. अळ्या आणि कोष वेचायला कोंबडीइतका इमानदार मजूर मिळणार नाही.

चौथे, ज्याच्याकडे चार विटा आहेत त्याने नाडेप टाकी बांधावी. ही काही परदेशी कल्पना नाही. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, त्यांनी ती घडवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी. त्यात पऱ्हाटीचे बारीक तुकडे, कुटार, पालापाचोळा, माती आणि थोडेसे शेण, आणि वरून लिंपण. साधारण शंभर किलो शेणात टाकी भरते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते. शेण थोडे, माती भरपूर, वरून बंद. माशीला शिरायला जागाच राहत नाही. ज्याचा गोबरगॅस चालू आहे त्याने रोजचे ताजे शेण त्यात घालावे. बाहेर पडणाऱ्या मळीत माशीला ताज्या शेणासारखी गोडी नसते.

इथे पैशाचाही हिशेब आहे. उघड्या उकिरड्यातून नुसती माशी उडत नाही, नत्रही उडून जाते. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे आपल्या खताचा जीव. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरले तर चार टनांत 20 किलो होते, म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या जवळजवळ एका गोणीइतके. वर आपल्या हलक्या जमिनीत ओल धरून ठेवण्याचे जे काम शेणखत करते ते कोणत्याही गोणीत मिळत नाही. ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याला ओलीची किंमत सांगायला नको. म्हणजे माशीचा बंदोबस्त हा खताचा बंदोबस्त आहे. फुकटचा उपदेश म्हणून तो करू नका, फायद्याचा सौदा म्हणून करा.

पाचवे, कोंबडीखत. कुक्कुटपालन करणारा आपलाच भाऊ आहे. त्याच्या शेडवर मोर्चा नेऊन गावात दोन तट पाडायचे नाहीत. त्याच्याशी बसून ठरवा. ओले खत विकायचे नाही, वाळवलेले द्यायचे. पाण्याच्या गळक्या नळ्या दुरुस्त ठेवायच्या, कारण कोरड्या विष्ठेत अळी जगत नाही. घेणाऱ्याने ट्रक गावालगत रिकामा करायचा नाही, शेतात उतरवून लगेच वखरून मातीत मिसळायचे, आणि थांबावे लागले तर ताडपत्रीने झाकायचे. हे न ऐकणाऱ्याला मात्र ग्रामसभेत उभे करा.

सहावे, लहान मुलांची विष्ठा. अंगणात, गटाराच्या काठावर मूल बसवले तर माशीचे पाय तिथून थेट ताटात येतात. विष्ठा लगेच उचलून संडासात टाका किंवा मातीत पुरा. संडास असेल तर दार आणि झाकण बंद ठेवा, हवेच्या नळीला जाळी लावा.

घरात शिरलेल्यांचे काय

कारखाना आज बंद केला तरी आधी जन्मलेल्या माश्या दोन-तीन आठवडे घरात राहतील. त्यांच्यासाठी विषाची गरज नाही.

माशी उजेडाकडे जाते. दुपारी खोलीची दारे-खिडक्या लावून अंधार करा, एकच दार उघडे ठेवा आणि ओल्या फडक्याने हाकला, बऱ्याच निघून जातात. माशी रात्री आढ्याला, दोरीला, लोंबणाऱ्या वायरीला बसते. काळे ठिपके दिसतील तीच तिची जागा. दोन भाग राळ आणि एक भाग एरंडेल तेल मंद आचेवर काकवीसारखे होईपर्यंत गरम करा, जुन्या कागदाच्या पट्ट्यांना किंवा सुतळीला फासा आणि तिन्हीसांजेला त्याच जागी टांगा. हे मिश्रण पेट घेते, म्हणून अंगणात करा आणि जवळ उभे राहा.

प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवा, आत आंबलेले गूळपाणी किंवा मासळीचे डोके टाका. माशी शिरते, तिला परतीची वाट सापडत नाही. हा सापळा घरात कधीच नको, वासाने आणखी माश्या येतील. तो उकिरड्याजवळ टांगा. सापळ्याला हसू नका. इस्रायलच्या लष्करी छावण्यांत मुख्यतः आमिषाचे सापळे लावून माश्या 64 टक्क्यांनी आणि एका प्रकारची हगवण 85 टक्क्यांनी कमी झाली, हे 1991 साली प्रसिद्ध झाले आहे.

भाकरीच्या टोपलीवर फडके, दुधावर जाळी, पाळण्यावर जुने पातळ लुगडे. माशीला घट्ट अन्न खाता येत नाही, ती आधी त्यावर ओकते, ते विरघळवते आणि मग शोषते. हे एकदा पोरांना सांगा, मग ताट झाकायला दुसऱ्यांदा सांगावे लागणार नाही. आणि मूल जुलाबाने सुकू लागले तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहा, अंगावरचे दूध तोडू नका. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

कष्ट कुणाचे, हक्क कुणाचा

वरची यादी वाचून पुरुष मंडळींनी ती घरात नेऊन बायकोच्या हातात दिली तर या लेखाचा काही उपयोग नाही. शेण काढणे, गोठा झाडणे, उकिरडा भरणे हे सगळे आजही तिच्याच डोक्यावर आहे. चांदवडला 1986 साली लाखाने मायबहिणी जमल्या, तेव्हा तिच्या कष्टाची मोजदाद झाली पाहिजे असे आपण म्हणालो होतो. मोजदाद घरापासून सुरू करा. खड्डा खणणे, तो लिंपणे, गोठ्याचा चर काढणे ही कुदळीची कामे गड्यांची. एका आळीने दर आठवड्याला एक दिवस ठरवला, सावड केली, तर दहा घरांचे खड्डे महिनाभरात होतात. एकट्याने करून भागत नाही, माशी वाटणीपत्र मानत नाही. एकाचा खड्डा बंद आणि शेजाऱ्याचा उघडा, तर दोघांच्याही ताटात माशी.

आणि सरकारकडे काय मागायचे? भीक मागायची नाही, हिशेब मागायचा. 2021 ते 2026 या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता. तुमच्या गावाला त्यातले किती आले, कोणत्या गटारावर गेले, त्या गटाराला उतार आहे काय, हे ग्रामसेवकाला विचारा. माश्यांचा जोर असतो नेमक्या त्याच दिवसांत 15 ऑगस्टची ग्रामसभा असते. झेंडावंदन झाले की चहा पिऊन घरी जाऊ नका, बसून राहा.

या जिल्हा मेळाव्यात मांडायचे ठराव असे:

1. गावाजवळच्या सरकारी पडीक जागेत आळीवार खतखड्ड्यांसाठी भूखंड आखून द्यावेत, तिथपर्यंत बैलगाडीची वाट द्यावी आणि रखडलेले गावठाण विस्ताराचे प्रस्ताव निकाली काढावेत.

2. स्वच्छतेसाठी आलेल्या निधीचा गेल्या पाच वर्षांचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

3. कीटकनाशकाच्या प्रत्येक विक्रीच्या वेळी घरात न वापरण्याची सूचना दुकानदाराने मराठीत तोंडी आणि लेखी द्यावी. बंदी आलेला माल कोणत्याही दुकानात आढळल्यास कृषी अधिकाऱ्याला जबाबदार धरावे.

4. पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विषबाधेवरचे ॲट्रोपिन आणि जुलाबावरची क्षारसंजीवनी यांचा साठा असलाच पाहिजे. नसेल तिथे केंद्राच्या दारात धरणे.

5. आपल्या प्रत्येक शाखेने मृगाच्या पावसानंतर आठ दिवसांच्या आत आपल्या गावातला एकही ओला उकिरडा उघडा राहू देऊ नये. याची सुरुवात शाखाप्रमुखाच्या स्वतःच्या उकिरड्यापासून व्हावी.

पहिले चार ठराव सरकारसाठी आहेत, त्यांच्यासाठी भांडावे लागेल. पाचव्यासाठी कुणाच्या दारात जायचे नाही, फावडे घरातच आहे. ज्या शाखेचे शेवटचे काम झालेले नसेल तिने पहिली चार मागायला तहसीलवर येऊ नये, कारण तहसीलदार आधी तेच विचारणार आहे.